सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात मुलांना गेटवरच्या बायकांकडची करवंदं, ताडगोळे द्यावेत का, की पॅकबंदच बरं?

द्या. करवंदं द्या, ताडगोळे द्या, कैरीचं पन्हं द्या. तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या तुमच्या सोसायटीत मे महिन्यात शिबिर आहे, दुपारचं जेवण तिथेच आहे आणि कमिटी म्हणते, "पॅकबंद दिलं की आपल्यावर काही येत नाही." हेच वाक्य मी आमच्या कळव्याच्या सोसायटीत ऐकलंय. तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. आमच्याकडेही असंच शिबिर होतं. आसनगावहून सकाळच्या लोकलने एक ठाकर बाई यायची. पाटीत करवंदं, वर पळसाची पानं, आणि मापाला पानाचाच द्रोण. तिच्याकडून करवंदं मीच घेतली. दोन-तीन पाण्यांतून धुतली, मीठ लावलं आणि मुलांना अकराच्या सुमारास दिली. जेवणाला केटररचा पनीर पुलाव होता. तो पहाटे शिजवून, मोठ्या टोपात झाकण घट्ट लावून टेम्पोतून आला आणि वाढला दीड वाजता. चारच्या आसपास मुलांना उलट्या सुरू झाल्या. ताप नाही, जुलाब एखाद-दुसऱ्याला, बाकी नुसत्या उलट्या.

संध्याकाळी मीटिंग झाली आणि सेक्रेटरींनी तिथल्या तिथे निकाल दिला : जंगलातली फळं, उघड्यावरची बाई, दुसरं काय होणार! दुसऱ्या दिवशी वॉचमनला सांगून तिला गेटवरून उठवलं. मुलांनी काय काय खाल्लं होतं, हे तोवर कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी वही घेतली आणि घरोघर फिरले. आयुष्यभर रजिस्टरं भरली होती, मला ते काम येतं. अशा वेळी सगळे आजारी मुलांनाच विचारत बसतात. मी ज्यांना काही झालं नाही त्यांनाही विचारलं. बालवाडीची पोरं करवंदं खाऊन बारा वाजताच घरी गेली होती, त्यांतल्या एकालाही काही झालं नव्हतं. वॉचमनने करवंद तोंडातही घातलं नव्हतं, त्याने उरलेला पुलाव खाल्ला होता, आणि तो संध्याकाळी पोट धरून बसला होता. मी वही सेक्रेटरींपुढे ठेवली. ते म्हणाले, "ताई, केटररने वाढायच्या आधी पुलाव चांगला गरम केला होता." आणि हे ऐकून बाकीच्यांचंही समाधान झालं!

गरम केलं की सगळं मरतं, हा समज आधी सोडा. भातात बॅसिलस सेरिअस नावाचे जिवाणू असतात. भात शिजताना ते मरतात, पण त्यांचे बीजाणू, म्हणजे कडक कवचात निपचित पडलेलं त्यांचं रूप, उकळत्या पाण्यातही तग धरतात. मग भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. कापलेल्या, फोड आलेल्या हातांवरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जिवाणूंचं विषही तसंच. दोन्हींत खाल्ल्यावर साधारण सहा तासांच्या आत उलट्या होतात. वास येत नाही, चव बदलत नाही, त्यामुळे "आम्ही चाखून बघितला होता" यालाही अर्थ नाही. टोप जितका मोठा आणि झाकण जितकं घट्ट, तितका मधला भात जास्त वेळ कोमट राहतो.

म्हणून तुमच्या कमिटीला पुलाव कुठून येणार हे विचारू नका, किती वाजता शिजणार ते विचारा. शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर ठेवायचं, नाहीतर ५ अंशांच्या खाली. त्यामधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही त्याच्यावरच असतं. जो केटरर जागेवर येऊन शिजवत नाही, त्याला काम देऊ नका. आणि वाढलेल्या प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. आमच्याकडे तो कोणी ठेवला नव्हता, टोपही घासून गेले होते, म्हणून माझी वही शेवटपर्यंत "तुमचं मत" राहिली.

आता पॅकबंदचं. खोक्यातल्या रसात बहुतेक पाणी आणि साखर असते. त्या दिवशी एका घरात उलट्या करणाऱ्या मुलाला ओआरएस (जुलाब-उलट्यांत देतात ते मीठ-साखरेचं पाणी) असं नाव लिहिलेलं गोड पेय पाजत होते. अति साखरेने जुलाब वाढतात. अशा पेयांवर ते नाव छापायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, खूप उशिरा केली. ओआरएसची खरी पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल पाणीही ठेवत नसेल, लघवी कमी झाली असेल, सुस्त पडलं असेल, तर घरी थांबू नका.

आणि आपल्या मातीतलं खाणं मी केवळ प्रेमापोटी सांगत नाहीये. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. आंबील ही उन्हाळ्यासाठीच आहे. करवंद आंबट आहे, ताजं आहे, काल झाडावर होतं. आदिवासी बायका ते पहाटे उठून आणतात आणि आपण वातानुकूलित दुकानातून महिनाभरापूर्वीचं काहीतरी आणून त्याला स्वच्छ म्हणतो.

अर्थात डोळे मिटून घेऊ नका. फळ अख्खं घ्या, आपल्याकडे धुवा, आपल्याकडे कापा. चिरून ठेवलेलं कलिंगड नको. सोलून प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यात ठेवलेले ताडगोळेही नकोत, समोर फोडून द्यायला सांगा आणि त्याच दिवशी संपवा. पन्ह्याचं पाणी उकळून गार केलेलं हवं. बर्फ तर टाळाच. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा असा आपल्या राज्यात २०१८ पासून नियम आहे, पण रंग नाही म्हणजे बर्फ पिण्याच्या पाण्याचा, असं धरून चालू नका. माठ ठेवा, ओगराळं ठेवा, म्हणजे कोणी हात बुडवणार नाही.

मेनू तुम्ही मागितलाय, त्यात फार डोकं लावू नका. मुगाची खिचडी जागेवर शिजवलेली, अलिबागचा पांढरा कांदा, काकडी वाढताना चिरलेली, ताक. सकाळी नाचणीची आंबील किंवा लाडू. पनीर, मेयोनीज, क्रीमचा केक मे महिन्यात नकोच.

आणि गेटवर बसणाऱ्या बाईला हात धुवायला नळ, साबण आणि सावली द्या. आमच्याकडे ती दिवसभर उन्हात बसायची, सोसायटीचा नळ तिला बंद होता, आणि वर तिलाच अस्वच्छ म्हटलं. तुमच्या कमिटीत कोणी तसं म्हणालं, तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. आमच्या सेक्रेटरींनी अजूनही मान्य केलेलं नाही.