रोमँटिक निसर्गचित्रांत झाड, धुकं, जहाज यांचे अर्थ खरंच ठरलेले असतात का?

तुम्ही विचारलंय की जर्मन रोमँटिक चित्रांत (प्रेमाची नव्हेत; एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, निसर्गातून मनातलं बोलणाऱ्या कलाप्रवाहातली) वठलेलं झाड किंवा जहाज दिसलं रे दिसलं की समीक्षक 'हे मृत्यूचं प्रतीक, ते आशेचं' म्हणून मोकळे होतात. हे चित्रकाराच्या मनात होतं, की मागाहून चिकटवलेलं?

मी कास्पर डाव्हिड फ्रीडरिशपुरतं बोलते (१७७४-१८४०), कारण त्याचीच चित्रं मी थोडी नीट पाहिली आहेत. तर, होतं. एकदा तर त्याने स्वतःच किल्ली काढून दिली. १८०८ साली त्याने डोंगरमाथ्यावरचा क्रूस रंगवला आणि कोरीव सोनेरी चौकटीत बसवून चर्चमधल्या वेदीवरच्या चित्रासारखा मांडला. रामडोर नावाचा एक टीकाकार खवळला, की निसर्गचित्रं आता वेदीवर चढून बसणार का? त्यावर फ्रीडरिशने खुलासा केला: खडक म्हणजे अढळ श्रद्धा, सदाहरित झाडं म्हणजे आशा, मावळता सूर्य म्हणजे सरलेलं जुनं जग.

खरं सांगू? हा खुलासा वाचला आणि ते चित्र माझ्यापुरतं जरा आटलंच. शब्दकोडं सुटलं की कागद बाजूला ठेवतो ना, तसं.

उलट त्याचंच 'समुद्राकाठचा भिक्षू' (ख्रिस्ती मठातला) घ्या. ऑफिसच्या कामाने बर्लिनला गेले होते, एक दुपार मोकळी मिळाली म्हणून आल्टे नॅशनलगॅलरी या कलासंग्रहालयात शिरले. चित्र जेमतेम पावणेदोन मीटर रुंद. खाली फिकट वाळूची पट्टी, तिच्यावर काळसर समुद्राची चिंचोळी रेघ, आणि उरलेलं सगळं, म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त, नुसतं आभाळ. वाळूवर अंगठ्याएवढा एक माणूस पाठमोरा, हात हनुवटीशी. काही पांढरे पक्षी. संपलं. मी सवयीने कडेला झाड शोधलं, जवळचा एखादा खडक शोधला, म्हणजे नजर तिथून आत शिरेल. काहीच नाही. पाय टेकायला जागाच ठेवलेली नाही. १८१० मध्ये हे चित्र बर्लिनला लागलं तेव्हा क्लाइस्ट या लेखकाने लिहिलं होतं की पाहताना आपल्या पापण्याच कापून टाकल्यासारखं वाटतं. मला ते वाक्य आधी भडक वाटायचं. चित्रासमोर उभं राहिल्यावर नाही वाटलं.

आता तुमच्या जहाजाकडे येते. या चित्राची इन्फ्रारेड तपासणी झाली तेव्हा रंगाखाली शिडाची जहाजं सापडली, भिक्षूच्या दोन्ही बाजूंना. त्याने ती आखली होती आणि मग बुजवून टाकली. आभाळही बऱ्याचदा बदललं. जहाजं राहिली असती तर आपण लगेच म्हणालो असतो, जहाज म्हणजे जीवनप्रवास, आणि पुढच्या चित्राकडे वळलो असतो. वाचायला सोपी जी गोष्ट होती तीच त्याने काढली, आणि भिक्षू एकटा पडला. आपणही.

त्यालाच उतारवयात मात्र सोपेपणाचं वावडं राहिलं नाही. 'आयुष्याच्या अवस्था' (साधारण १८३५, लाइपझिश) मध्ये किनाऱ्यावर पाच माणसं आणि पाण्यात पाच जहाजं. म्हातारा कोण, त्याचं जहाज कुठलं, पोरंही सांगतील. सुंदर आहे, पण मी त्याच्यापुढे फार वेळ थांबणार नाही.

एका बाबतीत तुमची शंका रास्त आहे. तो तेरा वर्षांचा असताना त्याचा भाऊ पाण्यात बुडून गेला; बर्फ फुटून, असं सांगतात. म्हणून 'बर्फाचा समुद्र' (१८२३-२४, हॅम्बुर्ग) दिसला की लोक भावाची गोष्ट काढतात. पण १८२०-२१ च्या हिवाळ्यात ड्रेसडेनला एल्ब नदी गोठली तेव्हा त्याने साचलेल्या बर्फाच्या लाद्यांची तैलरंगात अभ्यासचित्रं केली होती, आणि उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांची तेव्हा घरोघर चर्चा होती. त्या चित्रातलं फुटकं जहाज तुम्हाला उजवीकडे शोधावं लागतं. आधी दिसतात त्या एकमेकींवर चढलेल्या धारदार लाद्या, मातकट पिवळ्या. नदीकाठी बसून पाहिल्याशिवाय तो रंग कुणाला सुचणार नाही. चित्र त्याच्या हयातीत विकलं गेलं नाही.