आधी जीव बघ

प्रिय पोरी,

काल तू शंखांची डबी टेबलावर आदळलीस. "बाई, एका पुस्तकात एक कुळ, दुसऱ्यात दुसरं. मी विषयच बदलते." रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

डबीत आरे कॉलनीतले अकरा शंख होते. गोगलगाय एकही नव्हती. अडलंय ते तिथे.

ब्लॅनफर्ड आणि गॉडविन-ऑस्टिन यांच्या भारतातल्या मृदुकाय प्राण्यांवरच्या 1908 च्या खंडात एरिओफँटा ही जमिनीवरची गोगलगाय झोनिटिडी कुळात आहे. आज तिचं कुळ एरिओफँटिडी. यात रडण्यासारखं काय? पातळ, चकचकीत शंख कितीतरी कुळांत असतो. कुळ मांसात बघायचं असतं. शेपटीच्या टोकाला चिकट स्रावाची खाच, तिच्यावर शिंगासारखा बारीक कोंब. प्रावाराच्या, म्हणजे शंखाखालच्या मऊ कातडीच्या, पाळ्या बाहेर येऊन शंखावर फिरतात. आणि आत, नर-मादी एकाच देहात असलेल्या त्या जननसंस्थेत, समागमात जोडीदाराला टोचायच्या बाणाची पिशवी. रिकाम्या शंखात यातलं काय दिसणार? आधी जीव बघ.

लेबलवर 'दक्षिणावर्ती' लिहिलंयस, ते खोडून टाक. टोक वर, तोंड आपल्याकडे धर. एरिओफँटा लेव्हिपीसचं तोंड डावीकडे येतं, म्हणून ती डावी. देवघरातला दक्षिणावर्ती शंखही या मोजणीत डावाच ठरतो.

मी सात पावसाळे गोगलगायी उकळल्या, मांस मोरीत टाकलं, शंख घासून कापसात ठेवले. येऊरच्या ओढ्याकाठी एक इवलीशी डावी सापडली होती, तिचंही तेच केलं. पुढे कितीदा गेले, तशी पुन्हा मिळाली नाही. मांस टिकवायला स्पिरिट मागितलं की वरिष्ठ म्हणायचे, शंख पुरे. घरी दोन लहान मुलं, शेवटची लोकल गाठायची घाई. मी आळस केला नाही गं. पण भांडायला हवं होतं, ते भांडले नाही.

तू भांड. डीएनए करायचाय? जरूर कर, पण त्यालाही मांसच लागतं. आधी जीव बघ, किती वेळा सांगू!

राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय हात लावायचा नाही. सोसायटीच्या कुंड्यांखाली मॅक्रोक्लॅमिस, याच कुळातली गोगलगाय, मिळेल, तिथून सुरुवात कर. उकळून गार केलेल्या पाण्याने बरणी काठोकाठ भर, गोगलगाय आत सोड, झाकण घट्ट लाव. सकाळपर्यंत ती अंग पूर्ण बाहेर काढून सैल पडते. मग 70 टक्के अल्कोहोल. हवेचा बुडबुडा राहिला तर ती आक्रसते आणि सगळं फुकट जातं.

शनिवारी सातला ये. सुया आणि चिमटा तुझा आण, मेणाचा ट्रे माझ्याकडे आहे.

तुझ्या बाई