स्पर्धकाची जाहिरात रेडिओवर का वाजते?

प्रश्न: मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला रेडिओतच काम करायचं आहे. पण रेडिओवर टीव्ही मालिकांच्या, गाण्यांच्या अ‍ॅपच्या जाहिराती ऐकल्या, की वाटतं, हे केंद्र आपलेच श्रोते दुसऱ्याच्या हवाली करतंय. बाबा म्हणतात, स्पर्धकाच्या पैशावर चालणाऱ्या धंद्यात जाऊ नकोस. काय करू?

उत्तर:

प्रिय विद्यार्थिनी,

रेडिओ केंद्राकडे विकायला मुख्य माल एकच: श्रोते ऐकत असतानाचे काही सेकंद. हा माल साठवता येत नाही. सकाळी सव्वाआठचा स्पॉट रिकामा गेला, की तो गेलाच. म्हणून जाहिरात कोणाची, यापेक्षा ती श्रोत्याला कोणत्या वेळी कुठे बोलावते, हे केंद्र आधी बघतं.

टीव्ही मुख्यतः रात्री बघितला जातो. रेडिओ भरपूर ऐकला जातो तो सकाळ-संध्याकाळच्या प्रवासात. रात्री नऊच्या मालिकेची जाहिरात सकाळी नऊला वाजली, तर गाडी चालवणारा श्रोता त्या क्षणी कुठेही जात नाही. वाहिनीचीही सोय होते, कारण 'आज रात्री बघा' हे त्याच दिवशी सांगायचं असतं आणि रेडिओचा स्पॉट सकाळी रेकॉर्ड करून दुपारी लावता येतो. समजा केंद्राने नकार दिला, तर वाहिनी तेच पैसे शेजारच्या केंद्राला देईल. बटण फिरवत तुझा श्रोता तिथेही जातोच. म्हणजे जाहिरात त्याच्या कानावर पडणारच, फक्त पैसे दुसऱ्याच्या खिशात जातील.

गाण्यांच्या अ‍ॅपबद्दलची तुझी शंका मात्र मला रास्त वाटते. ते श्रोत्याचा तोच तास मागतं. अशी जाहिरात घ्यायची की नाही, सकाळच्या गर्दीच्या वेळी लावायची की रात्री उशिरा, दर किती लावायचा, यावर केंद्रात खरोखर वाद होतात. माझ्या मते केवळ महिन्याचं टार्गेट गाठायला ती सकाळी लावणं चूक आहे.

काही वेळा स्पर्धक वाटणारा घरचाच असतो. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर सर्वांत मोठ्या बाजारपेठांत एका मालकाला ८ पर्यंत रेडिओ केंद्रं चालवता येऊ लागली. मालक एकच असेल, तर एका केंद्रावर दुसऱ्याची जाहिरात लावण्यात त्याचं नुकसान थोडंच? काही व्यवहार बार्टरचे असतात: तुम्ही आमचा स्पॉट लावा, आम्ही तुमचा.

आणि हे कोणी केंद्रावर लादत नाही. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावर एका घरबांधणी कंपनीने पैसे मोजून १० मिनिटं घेतली. ते केंद्र टेलिफोन कंपनीचं होतं आणि पैसे भरेल त्याला वेळ द्यायचा, अशी तिची कल्पना होती. पुढे तिथल्याच १९३४ च्या कायद्याने स्पष्ट केलं, की रेडिओ केंद्र ही टेलिफोनसारखी सर्वांना खुली सेवा नव्हे. व्यावसायिक जाहिरात नाकारायला केंद्र मोकळं राहिलं. तरीही स्पर्धकाच्या जाहिराती वाजतात, कारण कोणीतरी हिशेब मांडून हो म्हटलेलं असतं.

तो हिशेब मांडणारी माणसं सेल्स, शेड्युलिंग आणि ट्रॅफिक (रस्त्यावरची नव्हे, जाहिरातींची वाहतूक सांभाळणारा) या विभागांत बसतात. कोणती जाहिरात कोणत्या ब्रेकमध्ये जाईल, एकाच ब्रेकमध्ये दोन बँका येणार नाहीत ना, ठरलेले सगळे स्पॉट वाजले का, हे त्यांचं रोजचं काम. रेडिओ म्हटलं की विद्यार्थ्यांना फक्त आरजे दिसतो. तुझं लक्ष मात्र जाहिरातींकडे गेलं, म्हणून इंटर्नशिप याच बाजूला माग, असं मी आग्रहाने सांगेन. एक्सेल पक्कं कर. ऑडिओ एडिटिंगही शिक, ते पॉडकास्टमध्येही चालतं. बाबांची काळजी अनाठायी नाही. जाहिरात आटली की रेडिओतल्या नोकऱ्यांवर गदा येते.

त्यासाठी केंद्र निवडण्याआधी आठवडाभर त्याचे सकाळचे ब्रेक वहीत उतरव. टीव्ही वाहिनीच्या जाहिराती दिसल्या तर घाबरू नकोस. छोटे-मोठे निरनिराळे जाहिरातदार असतील तर उत्तम. पण ऐन गर्दीच्या वेळी ब्रेकमागून ब्रेक केंद्राच्या स्वतःच्याच प्रोमोंनी भरलेले असतील, तर तो वेळ बहुधा विकला गेलेला नाही. तिथे अर्ज करण्याआधी बाबांशी पुन्हा बोल.