नाथसागरावर १२ फुटी सर्फ रॉड: मासा लागत का नाही?

गंगापूरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या समुद्रकिनाऱ्यावर बास आणि फ्लाउंडर हे मासे पकडतानाचे व्हिडिओ बघून त्यांनी १२ फुटी सर्फ रॉड (किनाऱ्यावरून समुद्रात गळ फेकायचा लांब रॉड), मोठी रीळ आणि गळाला वजन म्हणून १२० ग्रॅमची शिसं मागवली. सलग चार रविवार नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर बसले. ८०-९० मीटर लांब फेक जाते, पण साधा चिलापी मासासुद्धा लागला नाही. रॉड चुकला, आमिष चुकलं की जागा?

भाऊ, तिन्ही थोडंथोडं चुकलंय. पण खरी चूक चौथीच आहे. तुम्ही माशाच्या डोक्यावरून फेकताय.

एवढं ठामपणे सांगतोय कारण दोन हंगाम मी स्वतः हेच केलं. उत्तर काठावर, पैठणच्या वरच्या अंगाला बसायचो. दिवाळीनंतरचे दिवस होते, सकाळचे साडेसहा. मांडीएवढ्या पाण्यात उतरून, अंगातलं सगळं बळ लावून फेकायचो आणि मागे येऊन रॉड खुट्याला टेकवून बसायचो. एकदा तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोराचा गुंता झाला. काठावर फतकल मारून तो सोडवताना सहज पाण्याकडे नजर गेली. मी जिथून चालत आलो होतो तिथेच, गुडघाभर पाण्यात, बारीक बुडबुड्यांची रांग वर येत होती. थांबायची, हातभर पुढे पुन्हा सुरू व्हायची, आणि खालून गढूळ ढग पसरायचा. सायप्रिनस (कॉमन कार्प) मासे होते, तीन-चार तरी. चिखलात तोंड खुपसून निवांत चरत होते. म्हणजे मी रोज त्यांच्या ताटातून चालत जायचो आणि ९० मीटरवर त्यांना शोधायचो.

आता त्या व्हिडिओंबद्दल. मुलीकडे न्यू जर्सीला सप्टेंबर ते नोव्हेंबर राहिलो होतो, तेव्हा तो किनारा पायाखालून गेला. व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. समुद्राचा तळ ताटासारखा एकसारखा उतरत जात नाही. लाटा वाळूचा बांध घालतात, किनाऱ्याला समांतर. बांध आणि किनारा यांच्यामध्ये चर पडतो. लाट आधी बांधावर फुटते, चरावर येऊन दबते आणि किनाऱ्याशी पुन्हा आपटते. पांढरा फेस दिसतो तिथे उथळ, आणि मध्ये जो गडद, न फुटणारा पट्टा दिसतो तिथे खोल. फ्लाउंडर त्या चरात वाळू अंगावर ओढून पडलेला असतो. दोन्ही डोळे एकाच बाजूला, वरच्या. छोटा मासा टप्प्यात आला की झडप. स्ट्राइप्ड बास, ज्याला तिकडे स्ट्राइपर म्हणतात, तोही झुंजूमुंजू होताना आणि दिवस मावळताना त्याच चरात शिरतो, कारण लाटांनी उकरलेले खेकडे आणि बारके मासे तिथे असतात. बांधाला खिंड पडलेली असेल तर परतणारं पाणी तिथून जोरात समुद्राकडे धावतं आणि बास त्या खिंडीच्या तोंडाशी दबा धरतो. हा चर कित्येकदा किनाऱ्यापासून दहा-वीस मीटरवरच असतो. मला पहिला फ्लाउंडर (तिकडची मंडळी त्या जातीला फ्लूक म्हणतात) लागला तो पंधरा पावलांवर, फेक संपून दोर आवरताना. मोजपट्टी लावली, मापात बसत नव्हता, सोडून दिला. तिकडे माप सक्तीचं असतं.

मग १२ फुटी रॉड कशाला? दोर फुटणाऱ्या लाटांच्या वर धरायला, आणि ओढीत वाहून जाणार नाही असं जड शिसं झेपवायला. गरज पडली तर बांधापर्यंत फेकायलाही. लांबचा मासा मोठा म्हणून नाही. तिकडचे जुनेजाणतेसुद्धा पहिली फेक पाय ओले करण्याआधी, जवळच टाकतात.

नाथसागराला भरती-ओहोटी नाही, लाटा वाऱ्यानेच उठतात. मग इथं काय वाचायचं? दोनच गोष्टी: वारा आणि उतरतं पाणी.

धरण भरलं की सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पाणी पसरतं, आणि त्यातलं कितीतरी उथळ. एवढ्या उघड्या पाण्यावर दोन दिवस एकाच दिशेचा वारा राहिला की वरचं ऊबदार पाणी आणि त्यातलं शेवाळ-किडामुंगी वाऱ्यासमोरच्या काठाला जाऊन लागतं. लाटा तिथली माती उकरतात, काठाला पाच-दहा मीटरचा गढूळ पट्टा तयार होतो. आपण काय करतो? वारा तोंडावर नको म्हणून निवाऱ्याचा, निवळशंख पाण्याचा काठ धरतो. फेक लांब जाते, फोटो छान येतात आणि मासा पलीकडे असतो. वारा तोंडावर घ्या. फेक निम्मी पडेल, पडू द्या. गढूळ आणि निवळ पाणी जिथं भेटतं ती रेघ डोळ्यांना दिसते, आमिष त्या रेघेवर पडलं पाहिजे.

दुसरं उतरतं पाणी. तुम्हाला गाळपेर माहीत आहे, सांगायला नको. नाथषष्ठीनंतर पाणी ओसरत जातं तशी माणसं मागोमाग पेरत जातात. त्याच दिवसांत, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, रॉड घरी ठेवून नुसतं काठानं फिरा. उघडे पडलेले बांध, बुजत आलेल्या विहिरी, जुन्या गाडीवाटा, उठलेल्या गावांची जोती, बाभळीची खुंटं, सगळ्याचे मोबाइलवर फोटो आणि ठिकाणं टिपून ठेवा. पोळा-दसऱ्याला हे पुन्हा पाण्याखाली जातं आणि मासा तिथंच येतो. समुद्रातला वाळूचा बांध तो आपल्याकडे बुडालेला शेताचा बांध. फरक इतकाच की समुद्रातला बांध वादळात हलतो, आपला पन्नास वर्षं जागेवर आहे. माझ्या सगळ्यात चांगल्या जागा उन्हाळ्यात चपला घालून सापडलेल्या आहेत.

येलदरी किंवा सिद्धेश्वर धरणावर हे सगळं असंच्या असं चालणार नाही, तिकडचा काठ वेगळा. तुमच्या कायगाव टोक्याकडेही वेगळं. प्रवरा गोदावरीला मिळते तिथं वरून पाणी सोडलं की चांगली ओढ असते, तेव्हा तुमची जड शिसं कामी येतील. बाकी दिवस नाही.

कारण काळी माती. वाळूत रुतून बसावं म्हणून टोकदार शिसं बनवलेलं असतं. आपल्या चिखलात १२० ग्रॅमचा तो दगड वीतभर खाली जातो आणि आमिषालाही सोबत घेऊन जातो. तुमची निम्मी आमिषं माशाने बघितलीच नसतील. २० ते ४० ग्रॅमचं चपटं शिसं घ्या, तळाला न बुडता आडवं पडतं. शिशापासून गळापर्यंतचा दोर हात-दीड हात ठेवा. किंवा सरळ तरंगा लावा, रोहूसाठी मला तेच आवडतं. ८-९ फुटी मधल्या ताकदीचा रॉड, ०.३० मिमीचा तंगूस, झालं. तुमच्या जाड रॉडवर पाव-अर्ध्या किलोचा मासा चोखून गेला तरी शेंडा हलणार नाही.

आमिष: तुम्ही कोळंबी लावत होतात असं लिहिलंय. चिलापी कधीमधी घेईल, पण रोहू-मृगळ-सायप्रिनसला पीठच. शेंगदाण्याची पेंड कुटून, त्यात ज्वारीचं पीठ, थोडा गूळ आणि हाताला चिकटणार नाही इतकंच पाणी. मग सरकीतून काढलेल्या कापसाची चिमूट पिंजून त्यात मळा. हे विसरू नका, कापसाशिवाय गोळा फेकतानाच सुटतो आणि तुम्ही रिकामा गळ राखत बसता. भिजवलेल्या पेंडीचे चार-पाच गोळे आधी हाताने टाकून ठेवा, अर्धा तास चहा प्या, मग गळ. कटला वरच्या पाण्यात चरतो, त्याला तरंग्याखाली दोन-तीन फुटांवर. वाम आणि मिशाळ मासे गांडुळावर, अंधार पडल्यावर, तळाला.

फ्लाउंडरसारखी दबा धरणारी शिकार हवी असेल तर आपला मरळ आहे. पाणगवताच्या कडेला, दीड-दोन फूट पाण्यात. हवा घ्यायला वर येतो तेव्हा ‘गुबुक’ असा आवाज होतो, त्याच्या पुढे हातभर खोटा बेडूक टाका. पावसाळ्यात मात्र लालसर पिलांचा थवा दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. तेव्हा ते कशावरही झडप घालतात म्हणून पकडायला सोपे. पकडू नका, तो सगळा थवा दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातो.

आता रागावून सांगायची गोष्ट. काठावर शेतीच्या मोटारींच्या तारा किती खाली लोंबतात ते तुम्ही बघितलंय. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. १२ फूट रॉड, त्यावर तुमचा उंचावलेला हात. एकदा मी फेकायला रॉड मागे नेला आणि वांग्याच्या वावरातून एक बाई ओरडल्या, “वर बगा की वो!” शेंडा आणि तार यांच्यात हातभर अंतर होतं. त्या दिवशी मी पुढे गळ टाकला नाही. जागा धरण्याआधी वर बघा. आणि ओसरलेल्या काठावरची भेगाळलेली पपडी वाळलेली दिसते, खाली मांडीएवढा चिखल असतो, काठीने टोचत चला.

परवानगीचंही बघा. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि जलाशयातल्या मासेमारीचे हक्क मच्छीमार संस्थांकडे असतात. वनखात्याला आणि तिथल्या संस्थेला विचारल्याशिवाय बसू नका, धरणाच्या भिंतीकडे तर फिरकूच नका. पाण्यावर प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली भोई मंडळींचं जाळं आहे. गळ अडकला तर आपला तंगूस तोडायचा, त्यांचं जाळं नाही. आणि तोडलेला तंगूस खिशात, हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांच्या पायात तो अडकतो.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, की शहरातल्या हॉटेलात ‘बासा’ खाल्ला तोच हा बास का. नाही. बासा म्हणजे पंगस जातीचा, मिशांचा, बरेचदा व्हिएतनामहून गोठवून येणारा मासा. बासचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणायचा तर कोकणातला जिताडा, आणि फ्लाउंडरच्या जवळचा लेप किंवा भाकस. तेव्हा तो १२ फुटी रॉड विकू नका. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतराल तेव्हा सोबत न्या, ओहोटीला आधी चर कुठे पडलाय ते बघून ठेवा, आणि पहिली फेक कोरड्या वाळूवर उभं राहूनच टाका.