आरोग्य प्रश्नोत्तरे : आकडे फुगतात, साथ ओळखायची कशी?

प्रश्न : पंचगंगेला पूर आला की आशाताईंच्या नोंदी, ओपीडीचे आकडे, प्रयोगशाळेचे अहवाल, पाणी तपासणी असं सगळं हाती येतं. बेरीज केली की रुग्ण फुगतात. काय करावं?
– आरोग्य सहायक, शिरोळ तालुका

उत्तर : बेरीज करूच नका. जुलाबाचा एकच रुग्ण साथरोग सर्वेक्षणाच्या तीन नमुन्यांत (फॉर्ममध्ये) तीनदा येऊ शकतो: आरोग्यसेविका लक्षणांवरून भरतात तो ‘एस’, डॉक्टर निदानाच्या अंदाजाने भरतात तो ‘पी’ आणि प्रयोगशाळेचा ‘एल’. नाव, वय, गाव जुळवून एका आजारपणाची एकच ओळ ठेवा. तारीख लक्षणं सुरू झाल्याची घ्या. नोंदीची घेतलीत तर रविवारी साथ ओसरल्यासारखी आणि सोमवारी उसळल्यासारखी दिसते. गावाला सरकारी संकेतांक द्या, कारण ‘नृसिंहवाडी’ आणि ‘नरसोबाची वाडी’ संगणकाला दोन गावं वाटतात. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

मग पाण्याचा रकाना जोडा. शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून मोजणाऱ्या) क्लोरीन ०.२ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.२ भाग) खाली आणि त्याच वस्तीत जुलाब वाढते, तर अहवालासाठी थांबू नका. टाकीत टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) मात्रा लगेच दुरुस्त करून घ्या, शौचाचे नमुने प्रतिजैविकं सुरू होण्यापूर्वी घ्या.

मेडिकलमधली ओआरएसची विक्री हा चांगला इशारा आहे, पण पूरछावणीत पाकिटं फुकट वाटली जात असताना तो आकडा बाजूला ठेवा.