‘तुमचा आयकर परतावा मंजूर झाला आहे’ असा ईमेल आलाय, त्यातली लिंक उघडू का?

नको. रिटर्न भरण्याचा हंगाम आला की असल्या मेलना ऊत येतो, कारण सगळेच रिफंडकडे डोळे लावून बसलेले असतात. आयकर खातं ईमेलवर कार्डाचा नंबर, पिन किंवा पासवर्ड मागत नाही. रिफंड तुम्ही पोर्टलवर नोंदवलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो.

पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका, तिथे काहीही लिहिता येतं. कॉम्प्युटरवर लिंकवर क्लिक न करता नुसता माउस न्या आणि दिसणाऱ्या पत्त्यात पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. खरा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ असा तिथेच संपतो. त्याला पुढे ‘डॉट रिफंड डॉट कॉम’सारखं शेपूट असेल तर साइटचा मालक भलताच कुणीतरी. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते चोरालाही फुकट मिळतं.

माहिती आधीच भरली असेल तर आधी बँकेला फोन करा, मग सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० वर. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार पासवर्ड किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. लाजून गप्प बसणं इथे अक्षरशः महागात पडतं.

पॅन-आधार दिलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्ट बघत राहा. तुमच्या नावावरचं अनोळखी कर्ज तिथे दिसतं.