जुन्या मिनी ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल पूर्ण बदलावा का?

भाऊ, काटोलकडच्या संत्रा बगीच्यात चालणाऱ्या तुमच्या ट्रॅक्टरचा दुसरा गिअर सुटतो, मागून घरघर येते. एवढ्यावरून अख्खी असेंब्ली (गिअरबॉक्स आणि एक्सलचा जोडलेला पूर्ण संच) घेऊ नका. आधी ड्रेन बोल्ट उघडून ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्या. ताकासारखं आलं तर पाणी शिरलंय. टोकदार तुकडे निघाले तर दात तुटलाय. नुसती बारीक करडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज समजा.

जुनी असेंब्ली घ्यायचीच तर कव्हर उघडून दात डोळ्यांनी पाहा, क्लच शाफ्टच्या स्प्लाइन (दांड्यावरच्या उभ्या खाचा) मोजून तुमच्याशी जुळवा. क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलकडे ताकद वळवणारी दोन दातेरी चाकं) जोडीनेच घ्या. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मागच्या एक्सलचा रेशो (गिअरच्या दातांचं प्रमाण) पुढच्याशी जुळलाच पाहिजे, नाहीतर चाकांची आपसात ओढाताण होते.

अशा बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चेसिस नसते, सगळा भार इंजिन आणि गिअरबॉक्सवरच असतो. म्हणून गिअरबॉक्स इंजिनपासून सोडण्याआधी पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोका, नाहीतर इंजिन कलंडतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कोणीच शिरू नका, जीव जातो!

उघडलंच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सीलही बदलून टाका.